लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांच्या राहणीमानाची पाहणी

लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांच्या राहणीमानाची पाहणी हे संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्वासित उच्चायुक्तालय, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी २०१३ पासून दरवर्षी संयुक्तपणे घेतलेले नमुना सर्वेक्षण आहे. निर्वासित कुटुंबांचे अन्न, खर्च, कर्ज, निवारा, शिक्षण आणि कायदेशीर स्थिती यांची माहिती त्यातून गोळा होते.

पार्श्वभूमी

सीरियात मार्च २०११ मध्ये सुरू झालेल्या संघर्षानंतर लाखो लोकांनी तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन आणि इराक या शेजारी देशांत आश्रय घेतला. जॉर्डनने झातरी (२०१२) व अझराक (२०१४) येथे मोठ्या छावण्या उभारल्या. तरी तेथीलही बहुसंख्य निर्वासित छावण्यांबाहेरच राहत आले. लेबनॉनने सीरियन निर्वासितांसाठी अधिकृत छावण्या उभारू दिल्या नाहीत. त्यामुळे तेथील कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत, अर्धवट बांधलेल्या इमारतींत, गॅरेजमध्ये आणि बेका खोऱ्यातील शेतजमिनींवर भाडे भरून उभारलेल्या तंबूंत विखुरली. विखुरलेल्या लोकांची स्थिती जाणून घेण्यास अशा पाहणीवाचून दुसरा मार्ग नव्हता.

मोजणीतील अडचण

लेबनॉनमधील नोंदणीकृत सीरियन निर्वासितांची संख्या एप्रिल २०१४ मध्ये दहा लाखांवर गेली. मे २०१५ मध्ये सरकारच्या सूचनेवरून उच्चायुक्तालयाला नवी नोंदणी थांबवावी लागली. त्यानंतर नोंदणीचा आकडा घटत गेला. सरकारी अंदाज मात्र सुमारे पंधरा लाखांचा राहिला. पाहणीसाठी कुटुंबे निवडताना मुख्यत्वे या नोंदींचाच आधार घेतला जात असल्याने, नोंदणीबाहेरच्या कुटुंबांचे हाल आकडेवारीत पुरेसे उमटत नाहीत. खुद्द लेबनॉनची शेवटची अधिकृत जनगणना १९३२ सालची आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पद्धत

निवडलेल्या कुटुंबांच्या घरी जाऊन प्रश्नावली भरून घेतली जाते. उत्पन्नाविषयी खात्रीचे उत्तर मिळणे अवघड असते. काम बहुधा रोजंदारीचे असते आणि परवान्याविना केलेले काम उघड करण्याची धास्तीही असते. म्हणून खर्चाला अधिक महत्त्व दिले जाते. तगून राहण्यासाठी लागणाऱ्या किमान वस्तूंच्या मूल्याशी कुटुंबाचा दरडोई खर्च ताडून पाहिला जातो. याखेरीज मागील सात दिवसांत जेवणे कमी केली का, मुलांना पुरावे म्हणून मोठ्या माणसांनी कमी खाल्ले का, मागील तीस दिवसांत घरातील चीजवस्तू विकली का, मुलाला शाळेतून काढून कामाला लावले का, असे प्रश्न विचारले जातात. कुटुंबाची ओढाताण आकड्यांपेक्षा या उत्तरांतूनच अधिक स्पष्ट होते.

निष्कर्ष व परिणाम

२०१९ मध्ये ५५ टक्के कुटुंबे अतिदारिद्र्यरेषेखाली होती. २०२० मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. लेबनीज पाउंडची घसरण आणि कडाडलेली महागाई ही त्यामागील प्रमुख कारणे होत. त्याच वर्षी पंधरा वर्षांवरील निर्वासितांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींकडेच वैध वास्तव्य परवाना होता. परवाना नसला की तपासणी नाक्यावर अटकेची भीती असते. त्यामुळे कामासाठी फिरणे, दवाखान्यात जाणे आणि मालकाकडे थकलेली मजुरी मागणे, सारेच कठीण होते.

पाहणीतील माहितीवर आधारलेली सूत्रे रोख मदतीसाठी कुटुंबे निवडताना वापरली गेली. मदतनिधी सर्व गरजूंना पुरेल इतका कधीच नसल्याने, जवळपास सारख्याच हलाखीतील दोन शेजाऱ्यांपैकी एकाला मदत मिळते आणि दुसऱ्याला वगळले जाते. वगळलेल्याला त्याचे कारण उमगणे कठीण असते.

८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल-असद यांची राजवट कोसळल्यानंतर निर्वासित मोठ्या संख्येने परतू लागले. परतलेल्या कुटुंबांचे पुढील राहणीमान या पाहणीच्या कक्षेबाहेर जाते.