चौकट : ब्राँझ ते काँकरर

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉम्प्युटरला जागा नसते, मोबाइल मात्र प्रत्येकाच्या हातात. त्यामुळे गिरगाव-लालबागच्या पोरांचा टीम शूटर म्हणजे बहुतेक वेळा ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया). ‘पबजी मोबाइल’वर २०२० मध्ये बंदी आली, त्याचा हा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये उतरला.

● पायऱ्या : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस. सर्वांत वर काँकरर. तिथे फक्त पहिले ५०० खेळाडू. नवा सीझन लागला की रँक खाली येते.

● गुण : मैदानात १०० जण, स्क्वाडमध्ये ४. नुसत्या किल्सवर रँक चढत नाही, शेवटपर्यंत तग धरावा लागतो.

● नेम : सरावाला ४ विरुद्ध ४ चा टीडीएम (टीम डेथमॅच) बरा, आधी ४० किल्स करेल तो संघ जिंकतो. सलग गोळीबारात ‘एम४१६’ रायफलची नळी वर उचलली जाते. अंगठा खाली ओढून किंवा जायरोस्कोप लावून, फोन किंचित कलवून ती आवरायची.

● हाक : “अरे, तिकडे आहे!” याचा उपयोग शून्य. स्क्रीनवरच्या होकायंत्रातला आकडा सांगा : “२१० वर एक, झाडामागे.” मग गप्प बसा, इयरफोनमध्ये पावलं ऐकू आली पाहिजेत.

● वेळ : १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा.

● नेटवर्क : पिंग (सर्व्हरशी संपर्काला लागणारा वेळ) वाढला की नेम कितीही पक्का असो, गोळी उशिराच पोचते. गणपतीत लालबागला गर्दी उसळली की नेटवर्क मंदावतं, तेव्हा रँकचा डाव टाळा, टीडीएम खेळा.