वरोऱ्याचा कोळसा आणि त्याने आणलेले रूळ

नवी मुंबईतल्या नेरूळच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेत कितीही खोल सुरुंग लावले तरी निघेल तो काळा दगडच. कोळसा निघायचा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकून टाकला. हे पांघरूण संपतं पूर्व विदर्भात, आणि तिथे वर्धा नदीच्या खोऱ्यात त्याहून कितीतरी जुने गोंडवाना खडक वर येतात. त्यांतल्या बराकर थरांत कोळसा आहे. नेरूळला वीज देणारी महावितरण ज्या महानिर्मितीकडून वीज घेते, तिचं सर्वांत मोठं केंद्र, २,९२० मेगावॉटचं, चंद्रपूरला उभं राहिलं ते याच खडकांमुळे. चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना लागणारं वरोरा हे या खोऱ्यातलं कोळशाचं एक जुनं गाव. खाण संपली की गाव संपतं, या समजुतीत ते बसत नाही, म्हणून त्याचा इतिहास नीट पाहायला हवा.

सरकारी खाण इथे १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. गावाच्या आयुष्यात हा काळ फार मोठा नाही. पण त्या खाणीसाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, आणि त्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होतं. खाण मिटली तरी रूळ उखडले गेले नाहीत. ते पुढे बल्लारपूरकडे सरकले, १९२९ च्या सुमारास काझीपेटला जोडले गेले आणि दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग झाले. एका लहानशा खाणीची शाखा देशाच्या मुख्य मार्गात सामावली गेली. माझ्या मते कोळशाने वरोऱ्याला दिलेली टिकाऊ देणगी हीच. कोळसा जळून गेला, पण त्याने उघडलेली वाट कापसाला, सरकीला आणि माणसांना वापरता आली.

यावर कुणी म्हणेल, वरोरा कापसाची पेठ होतंच. रेल्वे कापसासाठीही आलीच असती. हा आक्षेप निम्मा खरा आहे. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता आणि ते गाव याच मार्गावर आहे. पण हिंगणघाटाच्या पुढे वरोऱ्यापर्यंत रूळ नेण्याची घाई कोळशाची होती. कापसाची वखार गाडीसाठी काही वर्षं थांबू शकत होती. इंजिनाला मात्र कोळसा रोज लागायचा. कापूस आधीपासून होता म्हणूनच खाण बंद झाल्यावर रूळ रिकामे राहिले नाहीत, हे मात्र मान्य करायलाच हवं. गावाला दोन आधार होते, त्यांतला एक गेला. ज्या वस्तीत खाणीखेरीज काहीच रुजू दिलं जात नाही, तिला हे भाग्य लाभत नाही. वरोरा तसं नव्हतं. पुढे बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं तेही याच गावाच्या वेशीवर.

वरोऱ्याचं उदाहरण देऊन आजच्या खाणींचं समर्थन करावं का? मला ते पटत नाही. कोळसा खाणींच्या १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि) स्थापन झाल्यावर या खोऱ्यात उत्खनन कितीतरी वाढलं, पण त्याची रीतही बदलली. जुनी खाण भुयारी होती. जमीन खचण्याचा धोका तेव्हाही होता, तरी खाली कोळसा आणि वर शेत अशी वाटणी शक्य होती. खुल्या खाणीत आधी काळी माती जाते, मग वालुकाश्म, आणि त्यांचे ढिगारे शेजारच्या शिवारात उभे राहतात. ज्या कापसाने वरोऱ्याला तारलं, तो याच मातीत पिकतो. रूळ तर आधीच आहेत. नव्या खाणीमुळे गावाला नवी वाट मिळत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोळसा आणि कापूस एकाच गाडीने जात होते, आज ते एकाच एकरावर हक्क सांगत आहेत, आणि मोबदल्याच्या कागदावर पुढच्या पिढीच्या पिकाला रकाना नाही.