अंगठा लावल्यावर पुढे काय होतं?

रेशन दुकानात आपण ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवतो आणि काही सेकंदांत पावती बाहेर येते. तेवढ्या वेळात ठशाची सांकेतिक रूपातली माहिती आधार प्राधिकरणाच्या केंद्रीय संगणकापर्यंत जाते. तिथे एवढंच तपासलं जातं, की या क्रमांकावर नोंदलेल्या ठशाशी हा ठसा जुळतो का? उत्तर येतं ‘हो’ किंवा ‘नाही’. कोणत्या संस्थेने विचारलं हे प्राधिकरणाला कळतं, पण आपण नेमकं काय घेतोय, हे कळत नाही. ठसा साठवून ठेवायला दुकानदाराला कायद्याने मनाई आहे.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. या १२ अंकांत गाव, जात, जन्मसाल असं काहीही दडलेलं नसतं. शेवटचा अंक फक्त आकडे टाकताना झालेली चूक पकडण्यासाठी असतो. नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि फोटो घेऊन ते आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात, म्हणजे एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत. हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा मात्र नाही.

सरकारला आधार लागतं ते मुख्यतः पैसे थेट खात्यात टाकण्यासाठी. त्यासाठी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे ‘मॅपर’ नावाची यादी असते. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलाय, एवढंच त्या यादीत असतं, खाते क्रमांक नसतो. आपण शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, तीच बँक यादीत राहते. एखाद्या बाईचे योजनेचे पैसे नेहमीच्या बँकेत न येता विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात, ते यामुळेच.

कंपन्यांना हवी असते ई-केवायसी, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन ओळखपडताळणी. इथे उत्तर ‘हो-नाही’वर थांबत नाही. आपल्या संमतीने नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटोही बँकेकडे जातो. कागद तपासण्याचा दिवसांचा खटाटोप मिनिटांवर येतो, म्हणून कंपन्यांना ही सोय आवडते.

खासगीपणाची काळजी सुरू होते ती इथून. एकटा क्रमांक फारसं काही सांगत नाही. पण बँक, मोबाइल, दवाखाना, विमा अशा सगळ्यांकडे तोच क्रमांक असेल, तर वेगवेगळ्या वह्या एकत्र शिवून माणसाचं अख्खं आयुष्य वाचता येतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने आधार कायदा चार विरुद्ध एक अशा बहुमताने टिकवला, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठीची सक्ती रद्द केली. पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची मुभा होती, ती सहा महिन्यांवर आणली. पॅनशी जोडणी मात्र कायम राहिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँका आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकाच्या राजीखुशीने आधार वापरता येतं.

दोन अडचणी अजून सुटलेल्या नाहीत. कष्टकरी माणसांची आणि म्हाताऱ्यांची बोटं झिजतात, अंगठा उठत नाही. ‘नाही’ हे उत्तर यंत्र देतं, पण उपाशी राहतो तो माणूस. अशा वेळी ओटीपी, बुबुळ किंवा दुसरी सोय द्यायला हवी, केवळ अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारता येत नाही. दुसरी अडचण आधारवरून पैसे काढण्याच्या सेवेची. तिथे बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढं पुरतं. पिन लागत नाही, ओटीपीही नाही. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांचे बनावट साचे करून लोकांची खाती रिकामी केली गेली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

म्हणून थोडी काळजी आपणही घ्यावी. आधारच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक कुलूप लावता येतं, गरजेपुरतं ते उघडायचं. तिथेच पडताळणीचा इतिहास दिसतो: कोणत्या संस्थेने, कधी, कशाने तपासलं. खरा क्रमांक द्यायचा नसेल तर १६ अंकी आभासी क्रमांक काढावा, तो हवा तेव्हा बदलता येतो. प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार द्यावं.

सगळ्यांत ढिसाळ प्रकार मात्र साध्या झेरॉक्सचा. यंत्र निदान ‘हो-नाही’वर भागवतं, झेरॉक्स सगळंच सांगून टाकते आणि पुढे कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहते, याची नोंद कुठेच होत नाही. तेव्हा कोणी ‘आधारची झेरॉक्स द्या’ म्हणालं, तर आधी विचारा: कशासाठी, आणि दुसरं काही चालेल का? लॉजच्या काउंटरवर वाहन परवानाही चालतो.