गाडीतला जळका वास आणि आपलं गृहीतक

‘गृहीतक म्हणजे काय?’ असं विचारलं तर पेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला व्याख्या पाठ असते. ते तपासायचं कसं, इथे मात्र गाडी अडते. माझीही अडली होती. मला ते नीट समजलं ते आमच्या घरच्या जुन्या गाडीमुळे.

आम्ही सेलूचे. आईला दर पंधरा दिवसांनी सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागतं. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच, पारा ४५ च्या आसपास जातो. त्यामुळे एसीशिवाय तिला नेणं जमत नाही. एप्रिलमध्ये एकदा जाताना रस्त्यातच गाडीत रबर जळल्याचा वास सुटला. गॅरेजमध्ये नेली. बॉनेट उघडलं, ‘बेल्ट जुना झाला’ म्हणून नवा टाकला. आठ दिवसांत वास परत! बाबा वैतागले, “आता तं बेल्ट नवा हाये, मंग कायचा वास येते?”

हाच खरा संशोधन प्रश्न. ‘बेल्ट जुना आहे म्हणून वास येतो’ हे गृहीतक होतं. बेल्ट बदलूनही वास आला, म्हणजे तेवढ्यावर भागत नाही.

आधी सगळ्या शक्यता मांडा

अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस चेंबरलिन यांनी १८९० मध्ये ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की एकच गृहीतक धरलं तर माणसाचा त्याच्यावर पोटच्या लेकरासारखा जीव जडतो आणि मग त्याचे दोष दिसत नाहीत. म्हणून एकाच वेळी अनेक गृहीतकं समोर ठेवावीत. आम्ही वहीत तेच केलं. प्रत्येक कारणापुढे लिहिलं, ‘हे खरं असेल तर काय दिसेल?’

- बेल्ट घसरतोय: वास इंजिनाकडून येईल, एसी किंवा दिवे लावले की वाढेल, कधी चीं-चीं आवाज येईल.
- ब्रेक अडकलाय: वास एका चाकापाशी येईल, ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापेल, गाडी ओढल्यासारखी चालेल.
- क्लच घसरतोय: चढावर इंजिनाचा आवाज वाढेल, पण वेग वाढणार नाही.
- तेल गळून गरम पाइपवर पडतंय: जळक्या तेलाचा वास, थोडा धूर, गाडीखाली डाग.
- सायलेन्सरला पन्नी चिकटलीय: खाली वाकून पाहिलं की दिसेल.
- वायर जळतेय: जळक्या प्लास्टिकचा वास, फ्यूज उडेल. इथे प्रयोग करायचा नाही. गाडी थांबवा, बंद करा, सगळे खाली उतरा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

गाडी थोडी चालवून थांबवली. चाकांजवळ हात नेला, पण टेकवला नाही. चारही चाकं सारखीच. ब्रेक बाद. चढावर वेग बरोबर वाढत होता. क्लच बाद. खाली डाग नाही, पन्नी नाही, फ्यूज शाबूत. उरला बेल्ट.

मग एसी बंद करून तोच रस्ता, तोच वेग. वास जवळपास गेला. बाबा म्हणाले, “म्हणजे कॉम्प्रेसरच गेला.” कॉम्प्रेसरचा खर्च मोठा, त्यामुळे इथे घाई परवडणार नव्हती. मी म्हटलं, थांबा. एसीमुळे बेल्टवर भार वाढतो, पण भार दुसऱ्या मार्गानेही वाढवता येतो. एसी बंदच ठेवून हेडलाइट आणि काचेचा हीटर लावला, म्हणजे अल्टरनेटरवर ताण आला. थोडा वास पुन्हा आला. म्हणजे एकट्या कॉम्प्रेसरला दोष देता येत नव्हता. भार कुठूनही आला तरी बेल्ट घसरत होता.

दुसऱ्या मिस्त्रीला हे सगळं सांगितलं. त्याने इंजिन थंड झाल्यावर बेल्ट काढला आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. बाकीच्या सहज फिरल्या. बेल्टला ताण देणारी पुली मात्र खरखरत होती, डुगडुगतही होती. तिची बेअरिंग संपली होती. नवा बेल्टही एवढ्यातच चकचकीत झाला होता. म्हणजे बेल्ट खराब होता हे खरं, पण तो परिणाम होता, कारण पुली होती. आमच्या गाडीत तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो. भर उन्हात तो तुटला असता तर इंजिन तापून आई रस्त्यातच अडकली असती.

दुरुस्ती झाली, पण सिद्ध झालं का?

पुली आणि बेल्ट दोन्ही बदलले. इथे तुम्ही विचाराल, दोन गोष्टी बदलल्या, मग गुण कशाचा? चांगला प्रश्न. पण पहिल्या वेळी फक्त बेल्ट बदलला होता आणि आठ दिवसांत वास आला होता. ती आमची तुलना. म्हणून दुसऱ्यांदा आम्ही आठ दिवसांवर समाधान मानलं नाही. तीन आठवडे, तोच सेवाग्रामचा रस्ता, तीच दुपार, एसी चालू. वास आला नाही. पावसाळ्यात एसी बंद ठेवून तपासलं असतं, तर काहीच सिद्ध झालं नसतं.

आता आपल्या आराखड्याकडे या. गृहीतक लिहिलं की खाली दोन ओळी जोडा: ‘हे चूक असेल तर मला काय दिसेल?’ आणि ‘हेच निरीक्षण दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकतं?’ या दोन ओळी लिहिता येत नसतील, तर प्रश्नावली छापायला टाकू नका. तोंडी परीक्षेत हेच विचारतात. आणि तिथे ‘सर, बेल्ट नवा टाकला होता’ हे उत्तर चालत नाही.