किरायाची खोली आणि नाचघर

चित्रपटांतील संभाषण : लेखांक सहावा

मागील लेखांकात व्ही. शांताराम यांच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या मराठी बोलपटाचा परामर्श घेताना, पडद्यावरील मनुष्याला वाचा फुटली तेव्हा तो प्रथम नाटकातल्या मनुष्यासारखाच बोलू लागला, हे आपण पाहिले. या आठवड्यात एकदम छप्पन्न वर्षांची मजल मारून, त्याच शांतारामांचे चिरंजीव किरण शांताराम यांनी १९८८ साली निर्माण केलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’पाशी मुक्काम करावयाचा आहे, आणि तेथून सातासमुद्रापलीकडे, व्हिट स्टिलमन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘द लास्ट डेज ऑफ डिस्को’ (१९९८) या बोलघेवड्या चित्रपटापर्यंत एक फेरी मारून यावयाची आहे. एक पुण्याचा, एक न्यूयॉर्कचा. एकात नाचघर आहे, दुसऱ्यात नाही. तरीही नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुण मंडळींना परवडणारी, मनाजोगती जागा मिळत नाही, या एकाच खुंटीवर दोन्ही चित्रपटांतील सारी बडबड टांगलेली आहे, असे माझे मत आहे. आणि ते मत मला ग्रंथांनी दिलेले नसून आमच्या ओसरीलगतच्या दोन खोल्यांनी दिलेले आहे.

वरठी हे गाव परगावच्या माणसाला स्वतःच्या नावाने क्वचितच ठाऊक असते. हावडा-मुंबई लोहमार्गावर ‘भंडारा रोड’ अशी पाटी असलेले स्थानक वस्तुतः आमच्या गावात आहे, भंडारा शहर तेथून काही कोसांवर. त्यामुळे उतरणारा मनुष्य वरठीत पाय ठेवून भंडाऱ्याला आलो असे सांगतो. पुढे येथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि हातात पदविका, खांद्याला रेक्झिनची बॅग आणि खिशात रुजू होण्याचा हुकूम घेऊन मुलुखमुलुखाचे अविवाहित तरुण स्थानकावर उतरू लागले. पुण्यामुंबईकडे ज्याला भाडेकरू म्हणतात त्याला आम्ही किरायेदार म्हणतो. आणि आमच्या तीर्थरूपांचा दंडक असा, की खोल्या किरायाने द्यावयाच्या त्या ‘फॅमिलीवाल्यांनाच’. पहिल्याच अर्जदाराने, कोल्हापूरकडच्या एका अभियंत्याने, ‘पुढच्या महिन्यात मिसेसला आणतो’ असे सांगून किल्ली घेतली, आणि मिसेसऐवजी एकामागून एक असे तीन सहकारी आणले. आई प्रत्येक दिवाळीला फराळाचे ताट देताना, ‘काय भाऊ, बाईसाहेब केव्हा येतात?’ असे विचारी, तो ‘बस, मार्गशीर्षात’ असे म्हणे, आणि किराया दर महिन्याच्या एक तारखेस बिनचूक येत असल्याने तीर्थरूप या संवादाच्या वेळी वर्तमानपत्रात तोंड घालून बसत.

या मंडळींचे नाचघर मी स्वतः पाहिलेले आहे. गणपतीच्या आराशीतून उरलेला तांबडा आणि हिरवा जिलेटिनचा कागद त्यांनी साठ वॅटच्या दिव्याला दोऱ्याने गुंडाळला होता, कोपऱ्यात टेपरेकॉर्डरवर बप्पी लाहिरींची कॅसेट लावली होती, आणि रात्रपाळीला न गेलेले दोघे त्या प्रकाशात नाचत मुळीच नव्हते. खाटेवर मांडी घालून, खर्रा घोटत, पदोन्नती कोणाला आधी मिळणार आणि लग्नाचा बाजार कोणाचा किती चढणार यावर पहाटेपर्यंत वाद घालीत होते. कागद तापून त्याचा वास येई, मग दिवा मालवावा लागे, वाद मात्र अंधारात चालू राही.

डिस्को आमच्याकडे आला तो उशिराच, आणि एका परीने मरणोत्तर आला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळीची धूळधाण झाली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. तिकडे अशी प्रेतयात्रा निघाली असता इकडे बारशाची तयारी चालू होती. १९८० मध्ये ‘कुर्बानी’त नाझिया हसन या किशोरवयीन मुलीचा आवाज बिद्दू या बंगलोरच्या संगीतकाराच्या ठेक्यावर घराघरांत शिरला, त्याच वर्षी नागपुरात जन्मलेल्या सुभाष घईंनी ‘कर्ज’मध्ये फिरत्या तबकडीवर नायकाला नाचविले, आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ने मिथुन चक्रवर्तींना थेट सोव्हिएत रशियापर्यंत लोकप्रिय करून सोडले. या शेवटच्या चित्रपटाचे लेखन ‘आधा गाँव’ कादंबरीचे कर्ते राही मासूम रझा यांचे आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. असो.

स्टिलमनच्या चित्रपटातील काळ या प्रेतयात्रेच्या आसपासचा, ऐंशीच्या दशकाच्या अगदी आरंभीचा. अ‍ॅलिस आणि शार्लट या दोघी एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखिते वाचण्याच्या किरकोळ नोकरीवर आहेत. रात्री त्या एका प्रतिष्ठित नाचघरात जातात, जेथे दारावरचा मनुष्य कोणास आत घ्यावे आणि कोणास नाही याचा निवाडा चेहरा पाहून करतो. जाहिरातीच्या धंद्यातला एक तरुण तेथे नको असतो, म्हणून नाचघरात नोकरीस असलेला त्याचा मित्र त्याला चोरून आत घेतो. मंडळींतच एक तरुण सरकारी वकील आहे, आणि त्याची कचेरी याच नाचघराच्या हिशेबातील अफरातफरीच्या मागे लागलेली आहे. हे नाचघर कल्पित खरे, परंतु महसूल बुडविल्याच्या गुन्ह्याखाली ज्याच्या मालकांना तुरुंगात जावे लागले, त्या न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ची सावली त्यावर स्पष्ट पडलेली आहे.

इतके सारे घडूनही चित्रपट पाहून उठल्यावर ध्यानात राहते ते बोलणेच. गाणे चालू आहे, दिवे फिरत आहेत, आणि ही मंडळी कोचावर बसून, डिस्नेच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या बालपटातील भटका कुत्रा खरोखर सुधारला की नाही, यावर गंभीर खल करतात. सरकारी वकिलाचे म्हणणे असे, की हा बालपट मुलींच्या मनावर टवाळखोर पुरुषांविषयीचे आकर्षण लहानपणीच बिंबवतो. प्रतिपक्ष, म्हणजे नाचघरात नोकरीस असलेला तो मित्र, त्या कुत्र्याची बाजू इतक्या जिवावर उदार होऊन मांडतो, की तो कोणाचे वकीलपत्र घेऊन बसला आहे हे श्रोत्यांना उमगते आणि त्याला मात्र उमगत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी ‘यपी’ म्हणजे शहरी सुखवस्तू तरुण नोकरदार ही जात अस्तित्वात तरी आहे काय, असा प्रश्न निघतो, कारण स्वतःला यपी म्हणवणारा कोणी भेटत नाही, तो नेहमी दुसराच असतो. आपल्याकडे गंमत उलटी आहे : दोन बंगल्यांचा धनीही स्वतःस मध्यमवर्गीय म्हणवून घेतो आणि त्या शब्दावरचा कब्जा सोडत नाही.

अ‍ॅलिस आणि शार्लट ज्या घरात एका तिसऱ्या मुलीसह राहतात ते ‘रेलरोड’ पद्धतीचे आहे : आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही, त्यामुळे शेवटच्या खोलीत जावयाचे तर दुसऱ्याच्या बिछान्याजवळून जाणे क्रमप्राप्त. किराया एकटीला झेपत नाही म्हणून एकमेकींचा फारसा जिव्हाळा नसलेल्या मुली एकत्र राहतात, आणि भिंत नसल्यामुळे मैत्री, मत्सर आणि सल्ला ही तिन्ही एकाच वाटेने ये-जा करतात. नाचघर ही त्यांची बैठकीची खोली आहे. घरी चौघांना बसावयास ऐसपैस जागा असती तर त्यांपैकी निम्म्या जणी घराबाहेर पडल्याच नसत्या.

आता पुण्याकडे वळू. ‘अशी ही बनवाबनवी’चे कथाबीज हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटातील. दिग्दर्शन सचिन यांचे, लेखन वसंत सबनीसांचे. धनंजय माने (अशोक सराफ) प्रसाधनांच्या व्यवसायातील नोकरदार. घरमालक विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) यांच्याकडील त्याच्या एकट्याच्या खोलीत अखेर चौघे राहू लागतात आणि बाहेर काढले जातात. पुढे लीलाबाई काळभोर यांचे घर मिळते, ते केवळ जोडप्यांनाच मिळणार असल्याने चौघांपैकी सुधीरची सुधा होते आणि परशुरामाची पार्वती. म्हणजे आमच्या तीर्थरूपांची अटच पुण्यात पडद्यावर गेली! दारावर उभा राहून चेहरे पारखणारा न्यूयॉर्कचा मनुष्य आणि काळभोर बाई यांचा अधिकार एकाच जातीचा आहे; फरक इतकाच, की तेथे वेषावरून प्रवेश नाकारतात, येथे वेष पालटल्यावर प्रवेश मिळतो. पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचे लुगड्यातील वावरणे पाहून आमच्या झाडीपट्टीचा प्रेक्षक बिचकला नाही याचे मला नवल वाटत नाही. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यात पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रात्र जागविणे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे.

या दोन बडबडींचे कुलशील मात्र अगदी भिन्न आहे. स्टिलमनची पात्रे पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्यांत बोलतात, स्वतःच्या नीतिमत्तेचा ऊहापोह करतात, आणि दुसऱ्याला टोचण्यासाठी सद्‌भावनेचा उपयोग करतात. त्यांचा मूळपुरुष, किंबहुना मूळस्त्री, जेन ऑस्टिन. या दिग्दर्शकाने २०१६ साली तिच्याच एका छोट्या कादंबरीवर ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ काढला तेव्हा, त्याचे नाचघर म्हणजे तिच्या नृत्यदिवाणखान्याचेच नवे बिऱ्हाड होते, ही गोष्ट उघड झाली. सबनीसांचे बोलणे तमाशाच्या बतावणीतून आले. ज्यांनी १९६५ मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहून दादा कोंडक्यांच्या तोंडी हजरजबाबीपणा दिला, त्यांना ठाऊक होते की येथे विनोद एकट्याच्या वाक्यात नसतो, तो दुसऱ्याच्या प्रत्युत्तराची वाट पाहत अर्धवट उभा असतो. म्हणूनच धनंजय माने खोटे बोलतो तेव्हा ते खोटे एकट्याचे राहत नाही. शेजारचा ते उचलून पुढे नेतो, तिसरा त्यात गाठ मारतो, आणि घरमालकाच्या कानी पोहोचेपर्यंत त्याला नातीगोती फुटलेली असतात.

दोहोंत सरस कोण, असे कोणी विचारील तर मी पुण्याच्या बाजूने कौल देईन, आणि तो केवळ मातृभाषेच्या लोभाने नव्हे. न्यूयॉर्कच्या मंडळींना नाचघर बंद पडल्यावर नोकरीच्या चिंतेशिवाय फारसे गमवावयाचे नसते. शेवटी भुयारी आगगाडीच्या डब्यात सारे उतारू नाचू लागतात, आणि ते दृश्य कितीही मोहक असले तरी त्यांना रात्री पडावयास घर आहे हे आपण विसरत नाही. पुण्यातल्या चौघांचे एक वाक्य चुकले तर त्यांचा बिस्तरा रस्त्यावर येणार असतो. त्यामुळे तेथे संवाद ऐकताना प्रेक्षक हसतो तेव्हा त्या हसण्यात थोडा श्वास रोखलेला असतो.

‘बनवाबनवी’ दूरचित्रवाणीवर पुन्हा लागेल तेव्हा वाचकांनी एवढे करावे : सरपोतदारांच्या खोलीतला भाग डोळे मिटून नुसता ऐकावा, आणि कोणाच्या वाक्यावर हसू आले यापेक्षा कोणाच्या गप्प बसण्यावर आले ते टिपून ठेवावे. पुढील लेखांकात ‘विच्छा माझी पुरी करा’तील बतावणी तपासताना त्या टिपणाची गरज पडेल.