एक इंजिन, स्वतःचं!

तुमच्या विशलिस्टमध्ये काय काय आहे? टू बीएचके झाला असेल, गाडी झाली असेल, लेह-लडाखची बाइक ट्रिपही झाली असेल. कुणाला बोट हवी असते, कुणाला कोकणात आंब्याची बाग. माझ्या एका मित्राला रेल्वेचं इंजिन हवंय. मॉडेल नाही, शोकेसमधलं खेळणं नाही. खरंखुरं, पूर्ण साइझचं, कोळसा खाणारं आणि शिट्टी मारणारं इंजिन. आणि ते उभं करायचंय कामठ्याला, वडिलांच्या धानाच्या शेतात.

इथे एक खुलासा. हे नागपूरजवळचं कामठी नव्हे. पुण्या-मुंबईत कामठा म्हटलं की समोरचा हमखास कामठी ऐकतो. कामठीला कॅन्टोन्मेंट आहे आणि रेल्वे स्टेशनही आहे. कामठा हे गोंदिया तालुक्यातलं गाव, जुन्या जमीनदारीचं आणि लहरी आश्रमाचं. इथे स्टेशन नाही. मित्राच्या मते सगळा रोग तिथूनच सुरू झाला. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपायचं, आणि रात्रीच्या शांततेत दूर हावडा लाइनवरून गाडी गेल्याचा आवाज यायचा. गाडी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची.

नाव छापू नकोस, असं त्याने बजावलंय. कारण विचारलं तर म्हणाला, ‘बायको वाचते तुमचा अंक.’ तर हा मित्र चाळिशीला टेकलाय, हिंजवडीत टीम लीड आहे, होम लोन नुकतंच फिटलंय. म्हणजे खरं तर सुखी माणूस. पण त्याच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, नाव ‘गोंदिया’. मी ती पाहिली, आणि हसायचं ठरवून बसलो होतो तो गप्प झालो.

छोटी लाइन

गोंदियात वाढलेल्या कुणालाही ‘छोटी लाइन’ समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: अडीच फूट रुंदीचे रूळ, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजच्या (१६७६ मिलिमीटर) निम्म्याहूनही कमी. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत ही लाइन टाकली. सातपुड्याच्या जंगलातून जाणारी, वळणावर खिडकीतून स्वतःचंच इंजिन दिसावं अशी गाडी. चार-पाच वर्षांच्या या पोराला वडिलांनी बालाघाटला नेलं, तेव्हा वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस होते. ड्रायव्हरने त्याला उचलून आत घेतलं, भट्टीचं दार उघडून दाखवलं. एवढंच. पुढे डिझेल आलं, मग गोंदिया-बालाघाट ब्रॉडगेज झालं, २०१५ मध्ये बालाघाट-जबलपूरची छोटी गाडीही थांबली. नागपूर-नागभीडची २०१९ मध्ये गेली. आता गोंदियाहून जबलपूरला मोठी गाडी जाते, वेळ वाचतो, आणि याबद्दल तक्रार करणाऱ्याला तिथले लोक वेड्यात काढतील. बरोबरच आहे. रोज अप-डाउन करणाऱ्याला नॉस्टॅल्जिया परवडत नाही.

मित्राचं दुःख वेगळं आहे. ही सगळी इंजिनं डोळ्यांदेखत निकामी होत गेली तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते. आता पैसे आहेत, तर इंजिनं नाहीत.

किलोच्या भावात

इंजिन विकत घेता येतं का? येतं, पण ते इंजिन म्हणून बाजारात येत नाही, भंगार म्हणून येतं. रेल्वे निकामी झालेला माल लिलावात काढते. हे लिलाव आता ऑनलाइन होतात, बोली लावायला रीतसर नोंदणी लागते, आणि समोर बसलेले असतात मुरलेले भंगारवाले. त्यांना शिट्टीशी घेणं-देणं नसतं, त्यांना टन कळतात. मित्राच्या शीटमधला हिशोब असा: छोट्या लाइनचं इंजिन ३० टनांचं धरा, भाव ३० रुपये किलो धरा, झाले ९ लाख. म्हणजे एका बऱ्या कारची किंमत! टॅक्स, दोन क्रेन आणि लो-बेड ट्रेलर वेगळे. ब्रॉडगेजचं मोठं इंजिन १०० टनांच्या आसपास जातं, त्यामुळे तो नाद त्याने पहिल्याच रकान्यात सोडला.

आता रूळ. मीटरला १५ किलोचा हलका रूळ घेतला तरी २०० मीटरच्या ट्रॅकला ६ टन लोखंड लागतं, वर स्लीपर, खडी. आणि २०० मीटर म्हणजे किती? इंजिन नीट धावायला लागेपर्यंत संपतात. ही गाडी रेल्वेच्या रुळांवर न्यायची सोय नाही, आपल्या शेतात आपणच मागे-पुढे करायचं.

‘मग डिझेल घे ना,’ मी म्हणालो. छोट्या लाइनची डिझेल इंजिनं तरी अलीकडेपर्यंत धावत होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिर्याणीऐवजी खिचडी सुचवली होती. ‘डिझेल म्हणजे चाकांवरचा जनरेटर रे.’

पीरभॉय नावाचा माणूस

असं वेड आपल्याकडे पूर्वी कुणाला नव्हतं का? होतं, आणि भरपूर होतं. माथेरानला वीकएंडला जाता ना? ती गाडी सरकारने नाही काढली. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय हे तंबूंच्या धंद्यातले बडे व्यापारी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये नेरळहून माथेरानच्या डोंगरावर दोन फुटी रेल्वे चढवायला घेतली. १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. खर्च १६ लाख रुपये, त्या काळचे, आणि पैसा घरचा. बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्ल्याला होते. इंजिनं जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आणली, धुऱ्या किंचित सरकतील अशी रचना करून, कारण वळणं इतकी तीव्र की सरळ धुरीचं इंजिन रुळावरून उतरलंच असतं. विचार करा, एका घराण्याकडे स्वतःची इंजिनं, स्वतःचा डोंगरी मार्ग! त्यातलं ७४० नंबरचं इंजिन तर पुढे इंग्लंडला जाऊन पोचलं. आपण टाकलेलं तिकडे कुणी सांभाळतं, हा प्रकार या विषयात पुन्हा पुन्हा भेटतो.

राजेमहाराजांचं तर विचारूच नका. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरवली, पाहुण्यांसमोर सिगार आणि मद्य घेऊन येणारी. ती आजही जयविलास महालात दिसते. पण त्यांची खरी गाडी महालाच्या आवारात सुरू झाली आणि तिचीच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली, लोकांची ने-आण करणारी. तीही २०२० मध्ये थांबली.

आमच्या विदर्भातली शकुंतला आठवते? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही ही लाइन खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. तिचं १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. पण कंपनीची मालकी वेगळी आणि एका माणसाची वेगळी. कंपनीला रात्री इंजिन आठवून झोप उडत नाही.

दिवाळखोरीचा रूळ

मित्राने शीटमध्ये एक पान ‘सावधान’ नावाचं ठेवलंय. त्यात एकच नाव आहे: ॲलन पेग्लर. लहानपणी, १९२४ मध्ये, या इंग्रज गृहस्थाने वेम्बलीच्या प्रदर्शनात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन पाहिलं. १९६३ मध्ये ते भंगारात निघालं तेव्हा ३ हजार पौंडांना विकत घेतलं. ताशी शंभर मैलांच्या विक्रमाचं, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनांपैकी एक, आणि ते एका माणसाचं! सहा वर्षांनी तो ते अमेरिकेला घेऊन गेला. दौरा सुरू झाला दणक्यात, पण पैसे संपत गेले आणि १९७२ मध्ये पेग्लर दिवाळखोर झाला. घरी परतायला तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणून जहाजावर प्रवाशांचं मनोरंजन करत तो इंग्लंडला आला. नंतर कितीतरी वर्षं मेजवान्यांमध्ये आठव्या हेन्रीचा पोशाख घालून मिरवायचं काम त्याने केलं. इंजिन विल्यम मॅकअल्पाइन नावाच्या बिल्डरने सोडवून परत आणलं. गंमत म्हणजे १९९६ मध्ये ते घेणारा टोनी मार्चिंग्टनही दिवाळखोरीत गेला. २००४ मध्ये अखेर इंग्लंडच्या रेल्वे म्युझियमने ते घेतलं, आणि २०१६ मध्ये पुन्हा धावेपर्यंत दुरुस्तीवर ४० लाखांहून जास्त पौंड गेले.

मी म्हटलं, हे वाचूनही तुला पाहिजे? तो म्हणाला, ‘पेग्लरने पस्तावा झाल्याचं कुठे सांगितलंय दाखव.’

दुसरं पान मात्र त्याचं लाडकं. एड्रियन शूटर. इंग्लंडच्या चिल्टर्न रेल्वेचे मोठे अधिकारी. दार्जिलिंगचं ७७८ नंबरचं, १८८९ मध्ये बनलेलं इंजिन १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एका श्रीमंताने नेलं होतं. ते शूटर यांनी विकत घेऊन इंग्लंडला आणलं, दुरुस्त केलं आणि ऑक्सफर्डशायरमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात चक्क रेल्वे टाकली. रविवारी माणसं बागेत गुलाब छाटतात, हे गृहस्थ इंजिन पेटवायचे. शूटर २०२२ मध्ये गेले. इंजिन त्याआधीच स्टॅटफोल्ड बार्न रेल्वेकडे गेलं होतं, त्यामुळे ते मात्र सुखरूप आहे.

आणि भंगारवाल्यांतही देवमाणूस असतो. वेल्समध्ये बॅरी गावी डाय वुडहॅम नावाचा माणूस होता. ब्रिटिश रेल्वेची २९७ इंजिनं त्याने भंगारात घेतली, पण आधी वॅगन तोडायला घेतल्या, कारण त्या सोप्या. इंजिनं समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं तशीच गंजत राहिली. तेवढ्या वेळात वेडे लोक वर्गणी काढून येत राहिले आणि एकेक करत २१३ इंजिनं वाचली. आपल्याकडे गॅस कटर फार लवकर पेटतो.

बॉयलर म्हणजे जावई

खरा खर्च विकत घेण्यात नाहीच, पाळण्यात आहे. वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवरचा बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे घरजावई, त्याचं सगळं वेळेवर करावं लागतं. आतल्या नळ्या ठरावीक काळाने बदलायच्या, साचलेला गाळ धुवायचा, छोटं इंजिन असलं तरी पहाटे पेटवलं तर चालायला तीन-चार तास. रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलर रेल्वेच तपासते. खासगी माणसाने पेटवायचं तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी, दरवर्षी तपासणी, आणि चालवायला सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट. मित्राने ते सर्टिफिकेट स्वतःच काढायचं ठरवलंय. टीम लीड ते बॉयलर अटेंडंट, करिअर ग्रोथ पाहा.

यावर मधला मार्ग नाही का? आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोश्यांचं छोट्या रेल्वेगाड्यांचं म्युझियम १९९८ पासून सुरू आहे. गेला नसाल तर नक्की जा, एका माणसाच्या छंदाने केवढं उभं राहतं ते कळेल. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज म्युझियम आहे, २००२ पासूनचं, तिथे छोट्या लाइनची अख्खी इंजिनं उभी आहेत. मित्र दर दिवाळीला तिथे जातो, हात लावतो आणि येतो. ‘थंड असतं रे,’ एवढंच म्हणतो.

बाबांचा प्रश्न

शेत वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे एक्सेल शीट कितीही चांगली झाली तरी फाइल तिथे अडते. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘काहून पाहिजे तुले इंजिन? ट्रॅक्टर घे.’ यात त्यांचं काही चुकत नाही. धानाची बांधी मोडून रूळ टाकायचे म्हणजे तेवढं पीक कायमचं गेलं. त्या जमिनीवर याचं इंजिनीअरिंग झालंय, बहिणीचं लग्न झालंय. मित्राला हे माहीत आहे, म्हणून दोन वर्षं त्याने पुन्हा विषयच काढला नाही.

मग गेल्या दिवाळीत बाबांनीच सकाळी चहा घेताना विचारलं, ‘किती लांब लागते तुह्या गाडीले?’ दोनशे मीटर, हा म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. दुपारी हा शेतात गेला तर म्हातारा धुऱ्याने पावलं मोजत चालला होता, विहिरीपासून मोहाच्या झाडापर्यंत. तिथे धान होत नाही, पडीक पट्टा आहे. परत आल्यावर म्हणाले, ‘एकशे नव्वद भरते. अन् विहिरीचं पानी चालते का त्याले?’

पाण्याचा प्रश्न भलताच नेमका होता. पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसतो आणि नळ्या लवकर जातात. मित्राकडे उत्तर नव्हतं. परतताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये त्याच्या सॅकमध्ये चकल्यांच्या डब्याशेजारी विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, झाकणाला सेलोटेप लावलेल्या. सध्या त्या पुण्यातल्या एका लॅबमध्ये आहेत.