गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही काळी-पिवळी रस्त्यावरून निघून गेली. त्या वेळी तिच्यावर भरपूर लिहिले गेले. तिला दिवसभर ओढणाऱ्या गिअरबॉक्सचा उल्लेख मात्र क्वचितच कोणी केला. खासगी मालकांकडे पद्मिनी आजही आहेत, आणि त्या चालत्या ठेवायच्या तर कसोटी लागते ती तिथेच.

ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. तिला चार गिअर, आणि गिअरचा दांडा जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगपाशी. त्यापैकी वरच्या तीन गिअरांना सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते.

या एका वाक्यात पुष्कळ काही दडलेले आहे. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. गिअर बदलताना त्यांना एकमेकांत अडकवायचे असते. गती जुळली नाही तर दात्यांवर दाते आपटतात आणि ‘खर्रर्र’ आवाज येतो. सिंक्रोमेशमध्ये दाते भिडण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी गिअरवर घासते आणि दोघांची गती सारखी करते. अर्ल थॉम्प्सन यांची ही युक्ती कॅडिलॅक गाड्यांत १९२८ मध्ये आली. ज्या गिअरला ही कडी नाही, तिथे तिचे काम चालकाने करायचे. गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला हलका झटका द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. नाहीतर सरळ गाडी थांबवा.

म्हणूनच जुन्या गिअरबॉक्सची निगा चालवण्यापासून सुरू होते. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहिले की रिलीज बेअरिंग झिजते. दांड्यावर सतत हात ठेवला तर आतल्या फोर्कवर विनाकारण दाब पडतो.

बिघाड झालाच तर पाना हातात घेण्याआधी कान द्यावा. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबते. याचा अर्थ दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये इंजिनाच्या बाजूच्या किंवा खालच्या ले-शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण क्लच दाबल्यावर ते शाफ्ट फिरायचे थांबतात. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग पाहावे. सगळेच गिअर खरखरत असतील तर क्लच पुरता सुटत नाही. तिथे गिअरबॉक्स निर्दोष असतो. फक्त दुसरा टाकताना खरखर होत असेल, तर त्याची सिंक्रो कडी झिजली आहे. अॅक्सिलरेटर सोडताच तिसरा निसटत असेल, तर तो धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग, गोल झालेले दाते किंवा शाफ्टची वाढलेली सैल हालचाल तपासावी. मात्र त्याआधी गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहावे.

ऐंशीच्या दशकात आमच्या फियाटचा गिअर दोन गिअरांच्या मध्ये अडकू लागला. वडील बॉनेट उघडत, दांडा हाताने न्यूट्रलवर आणत आणि पुढे निघत. एका मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, उघडला, साफ करून परत बसवला आणि पैसे घेतले. आठवड्याने गिअर पुन्हा अडकला. दुसऱ्याने दांडा फक्त वर-खाली हलवून पाहिला. स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतले बुश झिजले होते. ते बदलल्यावर त्रास संपला. पहिला मिस्त्री अडाणी नव्हता. त्याने गाडी चालवून पाहिली नव्हती, एवढेच.

तेलाचेही तसेच आहे. गिअर ऑइल गाडी फिरवून आणल्यावर, कोमट असताना काढावे. पण खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सोडून पाहावा. तो गंजून बसला असेल तर तेल निघून जाईल आणि भरायला वाट उरणार नाही. निघालेले तेल बोटांत चोळून बघावे: राखाडी, मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज, धातूचे कण टोचले तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहे. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. ‘जास्त दमदार’ म्हणून घातलेल्या जीएल-५ तेलातली गंधकाची द्रव्ये डिफरन्शियलला उपयोगी पडतात, पण जिथे पितळी कड्या असतात तिथे त्या खाऊ शकतात. तेल गळत असेल तर सील बदलण्याआधी हवा जाण्याचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे. ते बुजले तर आतला दाब नव्या सीललाही दाद देत नाही.

सुटे भाग आता जुन्या गाड्या मोडून मिळवावे लागतात. म्हणजे कुर्ल्यात घडलेल्या गाडीचे गिअर कुर्ल्यातल्याच भंगाराच्या दुकानांत शोधायचे. तिथून आणलेल्या गिअरच्या दात्यांचे कोपरे बोटाने तपासावेत. गोलसर लागले तर परत करावा. पण भाग कधीतरी सापडतो, किंवा लेथवर नवा घडवता येतो. कान मात्र घडवायला वर्षे लागतात. कारखान्याच्या पुस्तिकेत मापे असतात. कोणता आवाज कुठून येतो हे मिस्त्रीने शिकाऊ पोराला गाडीत शेजारी बसवून शिकवलेले असते. टॅक्सी गेल्या तशी ती रोजची शाळाही बंद झाली.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर गिअरबॉक्स उतरवायला सांगण्यापूर्वी मिस्त्रीला सोबत घेऊन एक फेरी मारा. तो काय ऐकतो ते विचारा, आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवा.